भाचीचं नाव नॉमिनी म्हणून लावलं आणि मला वाटलं, झालं!

जानेवारी २०२४ मध्ये एक मुदत ठेव संपत होती म्हणून बँकेत गेले होते. पावती काउंटरवर ठेवली, तर पलीकडच्या मुलीने वाचून विचारलं, "काकू, नॉमिनी तेच ठेवायचे ना?" आणि तिने यजमानांचं नाव घेतलं. त्यांना जाऊन तेव्हा आठ वर्षं होत आली होती. मी "थांब जरा" म्हणाले आणि पावती पर्समध्ये टाकून घरी आले.

त्या संध्याकाळी कपाटातल्या सगळ्या फायली पलंगावर काढल्या. विम्याच्या दोन पॉलिसी, पीपीएफ, तीन बँकांतल्या ठेवी, म्युच्युअल फंड, सोसायटीचं भागपत्र. एक फंड सोडला तर सगळीकडे यजमानांचंच नाव. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या खात्यांची धावपळ मी एकटीने केली होती. पण माझ्या स्वतःच्या कागदांवरही तेच नाव आहे हे एकदाही मनात आलं नाही. आम्हाला मूल नाही. मी २०२२ मध्ये शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले. कोथरूडमधला फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. १९९८ मध्ये शिक्षक पतपेढीचं कर्ज काढून घेतला आणि माझ्या पगारातून फेडला. माझं दुखलंखुपलं बघते ती माझ्या बहिणीची मुलगी. डोळ्यांच्या ऑपरेशनला तीच रजा काढून आली होती. माझ्यामागे सगळं तिचं, हे माझ्या मनात कधीचं ठरलेलं होतं. फक्त ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मग पुढचे दोन महिने नॉमिनी बदलण्यात गेले. बँकांचं काम सोपं निघालं: प्रत्येक ठेवीसाठी वेगळा फॉर्म, फॉर्म दिल्याची पोच, आणि नव्या पावतीवर "नामनिर्देशन नोंदवले" असा शेरा. ही पोच मागून घ्या, नुसतं "सिस्टिममध्ये घातलंय" यावर उठू नका. एका शाखेत मी तसं उठले आणि दीड महिन्यानंतर पाहिलं तर जुनंच नाव. विम्यासाठी मूळ पॉलिसी घेऊन जावं लागलं, कारण बदलाची नोंद पॉलिसीवरच करून देतात. सगळ्यात जास्त वेळ सोसायटीत गेला. नामनिर्देशनाचा फॉर्म तीन प्रतींत भरायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या, मग कमिटीच्या सभेपुढे तो विषय. पहिल्यांदा नाव लावताना पैसे घेत नाहीत, बदलायला शंभर रुपये. आमच्या कमिटीची सभा दोन वेळा पुढे गेली. मार्चच्या शेवटी सेक्रेटरींच्या सहीची प्रत हातात आली, ती फाइलला लावली आणि त्या रात्री शांत झोप लागली.

ती शांती जेमतेम तीन आठवडे टिकली.

एप्रिलमध्ये एका लग्नात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता ती दिवाणी वकिली करते. पंगतीत शेजारी बसलो होतो, मी कौतुकाने सांगितलं की बाई, सगळीकडे भाचीचं नाव लावून मोकळी झाले. तिने हातातला घास खाली ठेवला. "बाई, मृत्युपत्र केलंय?" मी म्हटलं, "आता कशाला? नॉमिनी आहे ना." ती म्हणाली, "बाई, उद्या ऑफिसला या. इथे सांगण्यासारखं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने जे सांगितलं ते मला आजही तिच्या शब्दांत आठवतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक, विमा कंपनी, सोसायटी यांनी कोणाच्या हातात द्यायचं आणि आपली जबाबदारी संपवायची, तेवढ्यापुरतं ते नाव. पैसे भाचीच्या हातात येतील, पण कायद्याने वारस असतील त्यांच्या वतीने तिने ते सांभाळायचे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं होतं. शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे आम्ही बोलत होतो त्याच्या चार महिने आधी, पुन्हा तेच सांगितलं. विम्याच्या कायद्यात २०१५ पासून थोडा बदल झालाय: आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. भाची त्या यादीत नाही.

"मग माझे वारस कोण?" मी विचारलं. मला वाटलं होतं, बहीण म्हणेल.

तिने हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम १५ उघडून माझ्यासमोर ठेवलं. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर आधी मुलं आणि नवरा. ते कोणी नसतील तर दुसऱ्या क्रमांकावर नवऱ्याचे वारस. आईवडील त्याच्याही नंतर, आणि भाऊ-बहीण आणखी खाली, वडिलांचे वारस म्हणून. म्हणजे पतपेढीचे हप्ते मी एकटीने फेडलेला फ्लॅट नाशिकच्या माझ्या दिरांना जाणार. माझ्या कामाचा अपवाद एकच: आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. सांगलीजवळच्या जमिनीतला माझा हिस्सा तसा होता. एकाच बाईच्या दोन मिळकती, दोन दिशांना.

तिने २००९ च्या एका निकालाची गोष्ट सांगितली, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी मुलीला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी तिला शिकवलं, ती नोकरीला लागली, जन्मभर कमावलं आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिच्या आईने हक्क सांगितला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर ती सगळी कमाई मिळाली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. न्यायालयाने म्हटलं, प्रसंग कठीण आहे, पण कायदा सहानुभूतीवर चालत नाही.

मी रिक्षाने घरी आले. खरं सांगते, राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. माझे दीर चांगले आहेत. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. पण पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून मिळवलेल्या गोष्टीबद्दल कायद्याने मला न विचारताच उत्तर ठरवून ठेवलं होतं.

मी त्याच आठवड्यात वहीच्या दोन पानांवर स्वतःच मृत्युपत्र लिहून तिच्याकडे नेलं. मृत्युपत्र साध्या कागदावर, हाताने लिहिलेलं चालतं. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. सही आणि दोन साक्षीदार मात्र हवेतच. तरी तिने माझं लिखाण लाल पेनाने भरून टाकलं, मी त्यांच्या वह्या तपासायचे तसंच. "माझे घर" एवढंच लिहिलं होतं. फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ काही नाही. खाते क्रमांक होते, पण ठेव मोडून दुसरी केली तर क्रमांक बदलतो हे लक्षात घेतलं नव्हतं. त्याऐवजी "अमुक बँकेतील माझ्या नावे असलेल्या सर्व ठेवी" असं लिहायचं. भाची माझ्याआधी गेली तर काय, याचा विचारच नव्हता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "वर उल्लेख न केलेली व पुढे मला मिळणारी सर्व मिळकत" कोणाला, हे वाक्य नव्हतं. ते नसेल तर जे यादीतून सुटेल ते पुन्हा कलम १५ च्या वाटेने जातं.

मग तिने सांगलीच्या जमिनीकडे बोट दाखवलं. "भाचीच्या नावावर शेती आहे का?" नाही. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय देता येत नाही, आणि मृत्युपत्राने देण्यातही तोच अडसर येऊ शकतो. बहिणीचं नाव त्याच सातबाऱ्यावर आहे, म्हणून तो हिस्सा ताईला द्यायचं ठरलं. मी स्वतः लिहिलं असतं तर या एका ओळीवरून भाचीला तलाठी कार्यालयात खेटे घालावे लागले असते.

दिरांना सांगायचं का, हा प्रश्न मी महिनाभर बाजूला ठेवला. वकीलबाईंचं मत होतं की सांगायची कायद्याने काही गरज नाही, पण मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख हवा: मला दीर आहेत हे मला माहीत आहे आणि विचारपूर्वक हा निर्णय घेतला आहे, असं. नाहीतर उद्या कोणी म्हणेल की बाईंना भान नव्हतं. मला ते कागदावर वाचून त्यांना कळावं हे पटेना. मेच्या सुट्टीत नाशिकला गेले. दुपारी चहा झाल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, मी घर भाचीच्या नावाने करून ठेवतेय." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वहिनी, ते घर तुमचंच आहे. मला वाईट एवढ्याचंच वाटतं की हे सांगायला तुम्हाला इतका त्रास झाला." जाऊबाईंनी आतून विचारलं, "आणि आत्याबाईंचं घंगाळ?" सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ माझ्याकडे आहे, तळाला ठोक्यांच्या खुणा, एका कडीला जस्ताचा डाग. मी म्हटलं, ते तुमचं. मसुद्यात ते स्वतंत्र कलम म्हणून घातलं. घरात कोणाला मुद्दाम द्यायचं असं काही भांडं, दागिना असेल तर जरूर लिहा. मोठ्या मिळकतींपेक्षा यांवरूनच मनं जास्त दुखावतात, असं आमच्या वकीलबाई म्हणाल्या, आणि मला ते पटलं.

जूनमध्ये मसुदा तयार झाला, नऊ पानी. वकिलांची फी सात हजार रुपये; ती घेत नव्हती, मी आग्रहाने दिली. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक म्हणून शाळेतले एक निवृत्त सहकारी, आणि ते नसतील तर भाची. साक्षीदार निवडताना तिने दोन गोष्टी सांगितल्या. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याच्या घरचं कोणी साक्षीदार नको, आणि साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण वेळ आली तर कोर्टात उभं राहायचं ते त्यांना. मी वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला आणि माझ्यानंतर शाळेत लागलेल्या एका शिक्षिकेला विचारलं. आत काय लिहिलंय ते साक्षीदारांनी वाचायची गरज नसते. त्यांनी फक्त माझी सही होताना बघायची, किंवा ही सही माझीच असं मी त्यांना सांगायचं, आणि मग माझ्यासमोर त्यांनी आपली सही करायची. दोघींनी आधी "अहो, असं काय बोलता" म्हणून टाळलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर तयार झाल्या.

नोंदणी सक्तीची नसली तरी मी करायचं ठरवलं, कारण मूळ कागद हरवला तरी सरकारी दप्तरात प्रत राहते. नोंदणी केली म्हणून मृत्युपत्राला आव्हानच देता येत नाही, असं मात्र नाही. आणि पुढे मन बदललं तर नवं करता येतं. शेवटचं ते खरं, मग ते नोंदवलेलं नसलं तरी.

आदल्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून दाखला घेतला: तपासलं, शुद्धीत आहेत, स्वतःचे निर्णय समजून घेऊ शकतात. तारीख, सही, नोंदणी क्रमांक. पाचशे रुपये. हाही सक्तीचा नाही, पण साठीनंतर करणाऱ्यांनी जरूर घ्यावा.

शुक्रवार, २ ऑगस्ट २०२४. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी माहिती भरून अकराची वेळ घेतली होती. शुल्क ऑनलाइन भरलं: नोंदणीचे शंभर रुपये, आणि दस्त हाताळणीचे पानामागे वीस. सगळे मिळून तीनशेच्या आत. (ही हाताळणी फी पुढे वाढली, जाण्याआधी बघून घ्या.) आधार, पॅन, दोन फोटो, साक्षीदारांचीही ओळखपत्रं, मूळ आणि झेरॉक्स. अकराला दुय्यम निबंधकांच्या (सब-रजिस्ट्रारच्या) कार्यालयात पोचलो, सर्व्हर बंद होता. दुपारी दोनला सुरू झाला. दोन्ही साक्षीदार तीन तास बाकावर बसल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा नेला असता तर बरं झालं असतं, तुम्ही न्या.

आत गेल्यावर अंगठा लावायचा होता. माझा अंगठा मशीन घेईना. चार वेळा केलं. ऑपरेटर मुलाने स्वतःचा रुमाल दिला, म्हणाला, "मावशी, जरा पुसून, हलका दाबा." तेव्हाही नाही. मग त्याने माझी बोटं बघितली आणि विचारलं, "शिक्षिका का?" पस्तीस वर्षं खडूने घासून रेषा गेल्या असतील की वयाने, कोण जाणे. डाव्या हाताच्या अंगठ्याने काम झालं. दुय्यम निबंधकांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "स्वखुशीने करताय ना? कोणाचा दबाव नाही?" मी नाही म्हटलं. "आत काय लिहिलंय माहीत आहे?" हो म्हटलं. वकीलबाईंना त्या वेळी बाहेर थांबवलं होतं, ते मला आवडलं. पावणेचारला शिक्का मारलेला दस्त हातात मिळाला. आम्ही चौघी बाहेर येऊन उभ्याउभ्या उसाचा रस प्यायलो.

यानंतर मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने कामं करायचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार. मला वाटायचं की भाचीला एक कुलमुखत्यारपत्र करून दिलं की माझ्यामागे तिला सगळं करता येईल. हा गैरसमज मी आणखी निदान पाच जणींकडून ऐकला आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: माणूस गेला की त्याच क्षणी मुखत्यारपत्र संपतं. इतकंच नव्हे, करून देणाऱ्याचं भान गेलं, म्हणजे स्मृतिभ्रंशासारखा आजार झाला, तरी ते कायद्याने संपतं. मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. म्हणजे ते उपयोगाचं आपण शुद्धीत आहोत पण हिंडूफिरू शकत नाही तेव्हा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मी मोजक्या कामांचं विशेष मुखत्यारपत्र केलं: सोसायटी, वीज, मिळकत कर, पेन्शनच्या कामाची कागदपत्रं देणं-घेणं. घर विकण्याचा, गहाण टाकण्याचा अधिकार नाही, हे त्यात ठळक लिहिलं. भाचीवर विश्वास नाही म्हणून नव्हे, तिनेच म्हटलं, "मावशी, हे नको देऊस, उगाच लोक बोलतील." पाचशेचा मुद्रांक लागला, ऑक्टोबर २०२४ पासून पुष्कळ दस्तांना शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचाच लागतो. बँकेने मात्र हे मुखत्यारपत्र बघून परत दिलं आणि स्वतःचा छापील नमुना भरून मागितला. तेव्हा आपल्या बँकेत आधी विचारा, मगच मसुदा करा.

त्याच दिवशी वैद्यकीय इच्छापत्रही केलं: बरं होण्याची आशा नसताना यंत्रांवर ठेवू नये, आणि तो निर्णय डॉक्टरांशी कोणी बोलायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. लिहायला सगळ्यांत लहान, दोन पानं. पण त्यावर सही करताना माझा हात थांबला होता. मृत्युपत्र लिहिताना मी माझ्या नंतरचं बोलत होते. हे मात्र माझंच होतं, मी अजून पलंगावर असतानाचं. यजमानांचे शेवटचे अकरा दिवस आयसीयूच्या काचेतून पाहिलेत मी. नोटरींनी काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढे केला. प्याले, आणि सही केली.

मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचे नाहीत, हे मला उशिरा कळलं. मी गेल्यावर लॉकर उघडायलाच कागद लागणार आणि कागद लॉकरमध्ये. आता ते घरच्या कपाटात मधल्या खणात निळ्या फाइलमध्ये आहेत. फाइलच्या पहिल्या पानावर सगळ्या खात्यांची, पॉलिसींची यादी आणि कोणाला फोन करायचा ते. एक प्रत व्यवस्थापकांकडे. भाचीला मी एका रविवारी बसवून फाइल दाखवली. ती सारखी विषय बदलत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, यादीत गॅसचं पुस्तक राहिलं." ते लिहून घेतलं.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, ठेवींना टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरला फक्त क्रमाने. मी मृत्युपत्राशी जुळेल असं पुन्हा एकदा सगळं लावून घेतलं. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसरंच नाव असलं की पैसे घेणारा आणि हक्कदार वेगळे होतात, आणि मग भांडण. तेवढं जुळवून ठेवा.

त्याच महिन्यात, १९ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने कलम १५ च्या एका याचिकेत हिंदू स्त्रियांना आवाहन केलं की वय काहीही असो, मृत्युपत्र करून ठेवा. बातमी आली त्या दिवशी शाळेतल्या माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंचा फोन आला. त्यांनाही मूल नाही, यजमान मागच्या वर्षी गेले. "तू कुठे केलंस? किती दिवस लागले? अंगठा लावावा लागतो का?" मी निळी फाइल पुढ्यात घेऊन तासभर त्यांच्याशी बोलले. जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी अकराची वेळ मिळाली आहे. त्या माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या आहेत, म्हणून साक्षीदार मी. डबा मीच करून नेणार आहे.